ऐकू येते, पण कळत नाही: उतारवयातील श्रवणदोष कसा हाताळावा

घरातील वडीलधाऱ्यांविषयी 'यांना सोयीचे तेवढेच ऐकू येते' अशी तक्रार सुरू झाली, की पहिला संशय त्यांच्या स्वभावावर न घेता कानांवर घ्यावा. वयोमानाने येणारा श्रवणदोष बहुधा दोन्ही कानांत सारखाच आणि सावकाश वाढतो. त्यात आतल्या कानातील सूक्ष्म रोमपेशी झिजतात आणि त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होत असल्याने स, श, ख, थ यांसारखी हलकी व्यंजने हरवतात, स्वर मात्र ऐकू येत राहतात. त्यामुळे 'सात', 'हात' आणि 'खात' यांत गोंधळ होतो. मुलाचा भारदस्त आवाज समजतो, पण नातीचा नाजूक आवाज समजत नाही. वरची तक्रार उगम पावते ती नेमकी येथे.

सर्वप्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कान तपासून घ्यावेत, कारण कधी कधी साठलेला मळ हेच कमी ऐकू येण्याचे कारण असते आणि तो काढताच फरक पडतो. काडी किंवा कापसाचा बोळा घालून तो घरी काढू नये. तो आणखी आत ढकलला जातो. चालू असलेल्या औषधांची यादी सोबत न्यावी, कारण काही प्रतिजैविके आणि कर्करोगावरील काही औषधे कानांना अपाय करतात. ऐकणे एकाएकी, विशेषतः एकाच कानाचे, कमी झाले तर मात्र वयाकडे बोट दाखवून थांबू नये. ती तातडीची बाब असून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

त्यानंतर ऑडिओमेट्री करावी. या चाचणीत साधारण 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतच्या वेगवेगळ्या पट्ट्यांचे सूर किती डेसिबलला ऐकू येतात याचा आलेख निघतो. वयोमानाच्या दोषात तो उजवीकडे, म्हणजे उंच पट्टीकडे, उतरत जातो. शब्द ओळखण्याची चाचणीही आग्रहाने करून घ्यावी, कारण श्रवणयंत्राचा उपयोग कितपत होईल याचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो.

श्रवणयंत्राबाबत सर्वाधिक निराशा पहिल्या महिन्यात येते आणि माझ्या मते तिचे मूळ बहुतेक वेळा अवास्तव अपेक्षेत असते. चष्मा लावताच दिसते, तसे यंत्र लावताच समजत नाही. वर्षानुवर्षे न ऐकलेले भांड्यांचे, पंख्याचे, कागदाचे आवाज मेंदूला पुन्हा ओळखीचे करून घ्यावे लागतात. म्हणून सुरुवातीला शांत खोलीत एकाच माणसाशी बोलताना ते रोज थोडा वेळ वापरावे, हळूहळू वेळ वाढवावा आणि मग गर्दीत जावे. कर्कश वाटणारे प्रसंग टिपून ठेवून ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) यंत्राची जुळणी पुन्हा करून घ्यावी. अशा दोन-तीन फेऱ्या गृहीतच धराव्यात. दोन्ही कान अधू असल्यास शक्यतो दोन यंत्रे घ्यावीत, त्यामुळे आवाजाची दिशा कळते. प्रभावी यंत्रानेही शब्द उमगत नसतील, तर कॉक्लिअर इम्प्लांटविषयी, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवल्या जाणाऱ्या उपकरणाविषयी, विचारावे. केवळ वय जास्त आहे म्हणून तो पर्याय बाद होत नाही.

घरच्यांनी ओरडून बोलू नये. झिजलेल्या कानाला मंद आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज मात्र सहन होत नाही, अशी ही विचित्र अवस्था असते. शिवाय ओरडताना मुख्यतः स्वरच मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात. आधी नाव घेऊन लक्ष वेधावे, टीव्ही बंद करावा, तोंडावर उजेड पडेल असे समोर बसावे आणि सावकाश बोलावे. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगावे. 'जाऊ दे, काही नाही' हे उत्तर कधीही देऊ नये. माणूस संभाषणातून हळूहळू बाहेर पडतो तो याच उत्तरामुळे.

स्नानापूर्वी यंत्र काढावे आणि रात्री ते आर्द्रता शोषणाऱ्या डबीत ठेवावे. यंत्रातील झिंक-एअर (हवा लागल्यावर सुरू होणाऱ्या) बॅटरीचे स्टिकर काढल्यावर काही मिनिटे हवा लागू देऊन मगच ती बसवावी, आणि या चिमुकल्या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.