टिनातली तारली आणि पास्ता: जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

रविवारी जर्मनीत सुपरमार्केट बंद असतं. हे सगळ्यांना आधीच सांगितलेलं असतं, तरीही पहिल्या महिन्यातल्या एखाद्या रविवारी घरात अर्धा ब्रेड आणि लोणच्याची बरणी एवढंच उरतं. म्हणून कपाटात काही वस्तू कायम असू द्या. स्पॅगेटीचं ५०० ग्रॅमचं पाकीट, टिनातल्या माशांचे तीन-चार डबे, टोमॅटोचा ४०० ग्रॅमचा एक डबा, कांदा आणि लसूण. एवढ्यावर अर्ध्या तासात जेवण होतं, आणि बाहेरच्या एका डोनरच्या पैशात दोघं घरी पोटभर जेवतात.

ताजी मासळी इथे महाग, आणि समुद्रापासून लांबच्या गावांत निवडही बेताची. टिनातले मासे मात्र परवडतात आणि घराणी ओळखीची आहेत. झार्डीनन म्हणजे आपल्या तारलीची चुलत बहीण, माक्रेले बांगड्याच्या कुळातला, आणि टूनफिश म्हणजे कुपा.

आपल्या लोकांची सगळ्यात मोठी चूक एकच. टिनातला मासा शिजलेला असतो, तो पुन्हा शिजवायचा नसतो. डबा बंद केल्यावर तो शंभर अंशांच्या वर तापवून निर्जंतुक करतात, काटे त्यातच मऊ होतात. आपला हात मात्र सवयीने कांदा परततो, मसाला घालतो, त्यात मासा सोडतो आणि दहा मिनिटं रटरटू देतो. मग कुपा भुशासारखा कोरडा होतो, तारलीचा लगदा होतो आणि वास सगळ्या मजल्यावर पसरतो. मासा शेवटच्या दोन मिनिटांत घालायचा, नुसता गरम होण्यापुरता.

खरेदी करताना

आल्डी, लिडल यांसारख्या दुकानांचा स्वतःच्या नावाचा पास्ता स्वस्त असतो आणि चांगलाही. पाकिटावर हार्टवाइत्सन, म्हणजे कडक गहू, असं लिहिलेलं पाहा. तो शिजून गिच्च होत नाही. आयर हा शब्द दिसला तर त्यात अंडं आहे. घरात शाकाहारी कोणी असेल तर ते पाकीट परत फळीवर ठेवा.

माशाच्या डब्यावर दोन वजनं असतात. मोठा आकडा तेल-पाण्यासकटचा. आबट्रॉफगेविश्ट म्हणजे निथळलेल्या माशाचं वजन, खरा माल तेवढाच. कुप्याच्या नेहमीच्या डब्यात साधारण १३० ते १५० ग्रॅम मासा निघतो, तारलीच्या १२५ ग्रॅमच्या डब्यात ९०च्या आसपास. दोन कंपन्यांची तुलना करायची तर फळीवरच्या चिठ्ठीतला बारीक अक्षरांतला किलोचा भाव बघा. माशाच्या डब्यांसाठी तो निथळलेल्या वजनावरच काढलेला असतो, त्यामुळे मोठा डबा स्वस्त वाटण्याची फसगत होत नाही.

तेलातला की पाण्यातला? इम आयगेनेन झाफ्ट लिहिलेला कुपा खारट पाण्यात असतो. टोमॅटोच्या सॉसमध्ये तो चालतो, नुसत्या लसूण-तेलाच्या पास्त्यात मात्र फिका पडतो. तारली ऑलिव्ह तेलातली घ्या. थोडी महाग पडते, पण ते तेलच तुमची फोडणी आहे. सूर्यफूल तेलातली घेतलीत तर तेल निथळून टाका, त्याला चव नसते. टोमॅटो सॉसमधली माक्रेले सगळ्यात सोपी, फक्त सॉस आपल्या जिभेला गोडसर लागतो.

तारलीचा पास्ता, दोघांसाठी

सिसिलीत ताजी तारली, रानबडीशेपेचा पाला, बेदाणे आणि चिलगोज्यासारख्या बिया घालून एक जुना पास्ता करतात. रानबडीशेप इथे सहज मिळत नाही, पण गावाहून आणलेल्या मुखवासाच्या डब्यात बडीशेप असतेच. ती साखर न लावलेली हवी, एवढं बघा.

लागेल ते असं: स्पॅगेटी २०० ग्रॅम, तारलीचे दोन डबे, मध्यम कांदा एक, लसणाच्या चार पाकळ्या, बडीशेप अर्धा चहाचा चमचा, बेदाणे एक मोठा चमचा, सुकी लाल मिरची एक, अर्धं लिंबू, आणि शिळ्या पावाचा जाडसर चुरा चार मोठे चमचे. परवाच्या ब्रोटशनचा, म्हणजे इथल्या छोट्या पावाचा, कडक झालेला तुकडा किसणीवर किसला की उत्तम चुरा होतो. विकतचा पानियरमेल फार बारीक असतो, कुरकुरत नाही.

आधी चुरा. एक चमचा तेलात मंद आचेवर बदामी होईपर्यंत परता आणि लगेच ताटलीत काढा. तव्यात राहिला तर आच बंद केल्यावरही करपतो. काचेची शेगडी गॅससारखी नसते, बटण बंद केल्यावर ती बराच वेळ तापलेली राहते. लसणाचंही तसंच. रंग बदलायला लागला की पॅन उचलून बाजूच्या थंड कड्यावर ठेवायचा.

पाणी २ लिटर. केटलमध्ये उकळून पातेल्यात ओतलं तर बराच वेळ वाचतो. इटलीत लिटरला १० ग्रॅम मीठ घालतात. इथे मासा आधीच खारट आहे, म्हणून २ लिटरला मिळून १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे अडीच सपाट चमचे पुरे. स्पॅगेटी मोडू नका, दांडे आपोआप वाकतात. पहिलं एक मिनिट सतत ढवळा, गोळा होतो तो तेव्हाच. पाण्यात तेल घालून काही उपयोग नाही, ते वर तरंगतं आणि नंतर सॉस पास्त्याला धरत नाही.

पास्ता शिजेपर्यंत दुसऱ्या पॅनमध्ये डब्यातलं दोन चमचे तेल, त्यात बडीशेप, मिरची आणि कांदा. कांदा गुलाबी नाही, नुसता मऊ आणि पारदर्शक. मग लसूण, अर्ध्या मिनिटाने बेदाणे. तेलाचा धूर निघता कामा नये. एक तर लसूण कडू होतो, आणि वर छताला राउखमेल्डर, म्हणजे धुराची घंटा, आहे. तो एकदा वाजला की शेजाऱ्यांशी ओळख होते, पण चुकीच्या पद्धतीने.

पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक दांडा तोडून बघा. मधोमध पांढरा ठिपका दिसायला हवा. आता चाळणीत ओतण्याआधी एक कप पाणी काढून ठेवा. ही पायरी विसरली की पास्ता कोरडा होतो, आणि मग लोक त्यावर केचप ओततात. त्या गढूळ पाण्यात पास्त्याचं स्टार्च असतं, ते तेल आणि पाणी एकजीव करतं. म्हणूनच पास्ता थंड पाण्याखाली धुवायचा नाही. हक्का नूडल्सची ती सवय इथे सोडा.

पास्ता पॅनमध्ये टाका, अर्धा कप पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं हलवत राहा. तळाशी पाणी दिसेनासं होऊन दांड्यांवर चकचकीत लेप चढला की तयार. फार आळलं तर उरलेलं पाणी चमच्या-चमच्याने घाला. मग तारल्या काट्याने दोन-तीन तुकडे करून वर ठेवा, एकदाच हलक्या हाताने वरखाली करा. मधला काटा काढायची गरज नाही, तो चावला जातो आणि कॅल्शियमही त्यातच असतं. आच बंद करून लिंबू पिळा, ताटात वाढल्यावर चुरा. आधी घातला तर तो भिजतो. चीज घालू नका. इटलीत माशावर सहसा घालत नाहीत, आणि चुरा तिथल्या गरिबाघरी चीजच्या जागी आला असं म्हणतात.

कुपा असेल तर लिंबाऐवजी टोमॅटो. कांदा-लसणावर टोमॅटोचा डबा, एक चमचा टोमाटनमार्क, म्हणजे टोमॅटोची घट्ट पेस्ट, आणि चिमूटभर साखर घालून पंधरा मिनिटं आटवा. पातळ सॉसमध्ये कुपा घातला की तो आणखी पाणी सोडतो. म्हणून सॉस आधी दाट करायचा आणि कुपा मुठीत दाबून पूर्ण निथळायचा. माक्रेले तर नुसती लसूण-मिरचीच्या फोडणीत गरम करा, तिच्या सॉसला वर थोडं लिंबू हवंच. गरम मसाला तिघांपैकी कशालाच नको. तिरफळं बांगड्यासाठी राखून ठेवा.

डबा फुगलेला किंवा शिवणीवर चेपलेला असेल तर उघडू नका, फेकून द्या. उघडलेला मासा टिनात ठेवायचा नाही. झाकणाच्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. हे तिन्ही मासे उघडे बाहेर राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि पुन्हा उकळलं तरी ते जात नाही. ओठांना चुरचुर, अंगावर लाली ही त्याची लक्षणं. गरोदर असाल तर कुपा बेतानेच खा, त्यात पारा जास्त असतो. तारली त्या मानाने निर्धास्त.

उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. कागदाने टिपून तो कागद रेस्टम्युलमध्ये, म्हणजे बाकीच्या कचऱ्यात, टाका. टिनावर फांड, म्हणजे डबा परत केल्यावर मिळणारी अनामत रक्कम, मिळत नाही, ते पेयांच्याच डब्यांवर असतं. हे पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या टोपलीत जातं. चमच्याने निपटून रिकामं केलेलं चालतं, धुवायची सक्ती नाही. पण सामायिक स्वयंपाकघर असेल तर पास्त्याचं उरलेलं गरम पाणी त्यात ओतून हिसळून टाका, आणि खिडकी दहा मिनिटं सताड उघडी ठेवा, थंडी असली तरी.