मायक्रोग्रीन्स टिकवायचे तर आधी पाणी आवरा

मायक्रोग्रीन्स, म्हणजे ट्रेमध्ये बी पेरून कोवळी असतानाच कापून खायची रोपं, दोन दिवसांत बुळबुळीत होतात, ही तक्रार माझ्याकडे कायम येते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कापल्यावर लगेच धुतले होते का? उत्तर बहुतेक वेळा एकच, "म्हणजे काय, स्वच्छ धुऊनच डब्यात भरले!" आणि तिथेच घोडं पेंड खातं.

ही रोपं म्हणजे कोवळा देठ आणि वर दोन-चार इवलीशी पानं. वजनाच्या मानाने पानांचा पसारा मोठा, त्यामुळे एकदा भिजले की पाणी सगळीकडे चिकटून बसतं आणि कितीही निथळलं तरी जात नाही. त्या ओलीत जिवाणू आणि बुरशी झपाट्याने वाढतात. शिवाय कापलं म्हणून रोप काही लगेच मरत नाही. ते श्वास घेत राहतं, साठवलेली साखर संपवतं, थोडी उष्णता आणि वाफ सोडतं. पालेभाजीच्या जून पानांपेक्षा या कोवळ्या पानांचा श्वसनाचा वेग जास्त असतो, म्हणून न धुतलेल्या मायक्रोग्रीन्सच्या डब्यालाही आतून घाम फुटतो. त्यात आपण आणखी पाणी कशाला घालायचं? मी धुते ते खायच्या वेळी, आणि तेवढेच.

खरं तर निम्मं काम कापण्याआधीच होतं. दुसऱ्या दिवशी कापायचे असतील तर आदल्या संध्याकाळपासून मी ट्रेला पाणी देत नाही. एरवीही शेवटच्या दिवसांत पाणी खालच्या ट्रेमधून द्यायचं, वरून फवारायचं नाही. सकाळी हवा गार असताना पानं हाताला कोरडी लागली की कापायला घ्यायची. कात्री धारदार हवी. बोथट कात्री देठ कापत नाही, चेंगरते, आणि सड चेंगरलेल्या टोकापासूनच सुरू होते. मातीपासून साधारण एक सेंटीमीटर वर कापलं की मातीचे कणही डब्यात येत नाहीत. सूर्यफूल असेल तर कापण्याआधी ट्रेवरून कोरडा तळवा हलकेच फिरवा, पानांना चिकटलेली टरफलं गळून पडतात. ती डब्यात गेली तर ओल धरून ठेवतात.

डबा पसरट घ्या, उभा नको. तळाला कागदी किचन टॉवेल किंवा धुतलेलं, पूर्ण वाळलेलं सुती फडकं, त्यावर मायक्रोग्रीन्स सैलसर पसरून, वर पुन्हा एक कागद. दाबून भरायचं नाही. दाबलेल्या थराच्या मधली पानं सगळ्यात आधी काळी पडतात. आता झाकणाचं. बाहेरच्या तापमानाचे मायक्रोग्रीन्स भरून लगेच घट्ट झाकण लावलं तर थंड झाल्यावर आतली वाफ थेंब होऊन पानांवरच बसते. म्हणून मी डबा आधी अर्धा तास उघडाच फ्रीजमध्ये ठेवते आणि मग झाकण लावते, तेही एक कोपरा सैल ठेवून. कायमचा उघडा मात्र ठेवू नका. फ्रीजमधली हवा कोरडी असते, पानं एका रात्रीत मलूल होतात. रोज एकदा झाकण उघडून कागद चाचपायचा, ओला लागला तर बदलायचा. इतका कंटाळवाणा उपाय, पण याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही.

तापमान 1 ते 5 अंश सेल्सिअसच्या मध्ये हवं. बऱ्याच फ्रीजच्या चकतीवर जे आकडे असतात ते अंश नसतात, तेव्हा एक साधा फ्रीज थर्मामीटर आत ठेवून बघाच. दारातला कप्पा सगळ्यात उबदार, आणि दार उघडेल तसा तो तापत-निवत राहतो. तिथे ठेवू नका. खालचा कप्पा चांगला, पण डबा मागच्या भिंतीला टेकवू नका. तिथे पानं गोठतात, काचेसारखी पारदर्शक दिसायला लागतात आणि नंतर लगदा होतात. भाजीचा खणही चालेल, त्यात सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो नसतील तर. या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने हिरवी पानं लवकर पिवळी पडतात.

सगळे मायक्रोग्रीन्स सारखे टिकत नाहीत. सूर्यफूल आणि मटार दणकट. नीट ठेवले तर आठवड्याच्या पुढेही चांगले राहतात. मुळा, मोहरी, ब्रोकोली मी आठवड्याच्या आत संपवते. राजगिरा दिसायला सुंदर, पण फार नाजूक, तो आधी खाऊन टाकावा. बेसिलचं गणित मात्र उलटं आहे. त्याला थंडी सोसत नाही, 10-12 अंशांच्या खाली पानांवर काळे डाग पडतात. बेसिल लागेल तेव्हाच ट्रेमधून कापावं.

माझं विचाराल तर इतरांनाही हेच लागू आहे. मुळं शाबूत असलेलं रोप कोणत्याही डब्यापेक्षा चांगलं टिकतं. ट्रे थोड्या गार जागी हलवला की वाढ मंदावते आणि रोज मूठभर कापता येतात. पण फार रेंगाळू नका, देठ चिवट होत जातात. मटार खालचं एक पेर ठेवून कापला तर पुन्हा फुटतोही. मुळा, मोहरी, सूर्यफूल एकदा कापले की संपले.

आंबूस वास, बुळबुळीत देठ, पाण्याने भरल्यासारखी गडद पानं दिसली तर निवडत बसू नका, सगळा डबा फेका. हे कच्चे खायचे असतात, आणि काही घातक जिवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतात. नुसते मलूल झाले असतील, वास ठीक असेल, तर बर्फाच्या पाण्यात काही मिनिटं बुडवा. पुन्हा ताठ होतात. मग कोरडे करून लगेच खायचे, परत डब्यात भरायचे नाहीत.

फार उरले तर डीप फ्रीजरचा मोह होतो. आख्खे गोठवले तर बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर चोथा हाती येतो. त्यापेक्षा धुऊन, थोड्या तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. त्या वड्या शिजवताना घालायच्या, वरून भुरभुरायला त्यांचा उपयोग नाही.