झारी उचलण्याआधी मातीत बोट घाला

कुंडीतल्या मातीत बोट दोन पेरांपर्यंत खुपसा. माती थंड लागली, बोटाला चिकटून आली तर आज पाणी नको. कोरडी, भुसभुशीत लागली तरच झारी उचला. रोज सकाळी तांब्याभर पाण्याचा नेम तुळशीला एप्रिल-मेमध्ये मानवतो, पण जुलैत त्यानेच तिची मुळं कुजतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि मग बुरशी शिरते.

घालायचं तेव्हा मात्र भरपूर घाला. ८ इंची कुंडीला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, १२ इंचीला दीड-दोन लिटर. आधी निम्मं ओता, जिरू द्या, मग उरलेलं. तळाच्या भोकातून थोडं बाहेर आलं की थांबा. रोज नुसतं शिंपडत राहिलात तर वरचा इंचभर थरच भिजतो, मुळं खाली उतरत नाहीत आणि उन्हाळ्यात करपतात. वेळ सकाळची, पान न भिजवता बुंध्याशी. संध्याकाळी पानं भिजली तर आपल्या दमट हवेत ती रात्रभर सुकत नाहीत, आणि पानांवर डाग पडतात.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा पूर्ण सुकलं की लगेच पाणी धरत नाही. वरून ओतलेलं कुंडीच्या कडेने थेट खाली जातं आणि आपल्याला वाटतं झाड भिजलं. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत, २०-३० मिनिटं ठेवा, मग निथळू द्या.

घरातल्या झाडांना ऊन कमी, म्हणून पाणीही कमी. मनी प्लांटला वरची माती सुकल्यावर. स्नेक प्लांट आणि झेडझेड (ZZ) प्लांटला पूर्ण कुंडी सुकल्यावरच. पावसाळ्यात महिन्यातून एकदाही पुरतं. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा, कारण मोठ्या कुंडीत बोट तळापर्यंत पोचत नाही. मातीची कुंडी बाजूंनीही सुकते, प्लास्टिकची तशी सुकत नाही, त्यामुळे दोघींना एकच वेळापत्रक लावू नका.

जूनपासून उघड्यावरच्या कुंड्यांखालच्या बशा काढून ठेवा आणि तळाची भोकं काडीने मोकळी करा. बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) किंवा छपराखालच्या कुंड्या मात्र मुसळधार पावसातही कोरड्या राहतात, त्यांच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. पागोळ्यांच्या धारेखाली कुंडी नको: माती उडते, मुळं उघडी पडतात. घरातल्या बशांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

जमिनीतल्या झाडांचं गणित वेगळं. जांभ्याच्या मातीत पाणी झटकन खाली जातं, म्हणून पावसाळा सरला की बुंध्याभोवतीची आळी नीट करून घ्या. मोठ्या माडाचं आळं बुंध्यापासून ५-६ फुटांपर्यंत पसरू द्या, कारण पाणी पिणारी मुळं बुंध्याशी नसून त्या घेरात असतात. उन्हाळ्यात दर चार दिवसांनी सुमारे २०० लिटर पाणी द्यावं. आळ्यात नारळाची सोडणं, झावळ्या किंवा सुका पाला पसरा. ओल बरीच टिकते. बोगनवेलीला मात्र जपून: सतत ओली राहिली तर पानंच वाढतात, फुलं कमी येतात.

किनाऱ्याजवळ विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं जळतात. अशा कुंडीतून पावसाचं साठवलेलं पाणी कुंडीच्या दोन-तीनपट, सावकाश, निचरा होऊ देत सोडा.

कोमेजलेलं झाड दिसलं की लगेच पाणी ओतू नका. भर दुपारी मान टाकून संध्याकाळी पुन्हा ताठ होत असेल, तर तो उन्हाचा ताण. माती ओली असूनही सकाळीच मलूल, खालची पानं पिवळी आणि बुंधा मऊ असेल, तर मुळं कुजताहेत. झाड काढा, काळी, लिबलिबीत मुळं स्वच्छ कात्रीने कापा, नव्या, वाळू मिसळलेल्या मातीत लावा आणि सावलीत ठेवा. लावताना माती हलकी ओली करा, मग वरचा थर सुकेपर्यंत एक थेंबही नाही.