वहीतला माल नेला कोणी? उधारीचा दावा लावण्याआधीची जुळवाजुळव

हर्णै बंदरात आमचं जाळी, दोर, बोये आणि इंजिन ऑइलचं दुकान आहे. उधारी ही इथली रीतच. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, म्हणतो, "वहिनी, नारळी पुनवेनंतर बघू," आणि आपण वहीत मांडून ठेवतो. एका नाखव्याची बाकी २,०१,३०० वर गेली, तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये वह्यांची पिशवी घेऊन मी दापोलीला वकिलांकडे गेले. पिशवी सोडायच्या आधीच त्यांनी विचारलं, "यात त्याची सही कुठे कुठे आहे?"

वहीत तर एकही नव्हती.

रोजच्या रोज लिहिलेली वही कोर्ट बघतं, पण नुसत्या वहीवरून समोरच्यावर पैसे लागू होत नाहीत. जोडीला त्याच्या बाजूने आलेलं काहीतरी लागतं: सही, चेक, मेसेज. म्हणून पहिलं काम, फुलस्केपवर पाच रकाने आखा. तारीख, माल, रक्कम, माल कोणी नेला, आणि त्याचा कागद कुठला.

चौथ्या रकान्याने मला घाम फोडला. नाखवा स्वतः दुकानात येतो कधी? माल नेतो तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, नाहीतर एखादा खलाशी. उद्या नाखवा सरळ म्हणेल, "माझ्या बोटीवर हा दोर आलाच नाही." धुंडाळून ३१ चलनं, म्हणजे माल दिल्याच्या चिठ्ठ्या, सापडली, त्यातल्या १९ वर तांडेलाची सही. मग मी उलट्या बाजूने शोधलं. याच तांडेलाने आधी असाच नेलेला माल, ज्याचे पैसे नाखव्याने बिनबोभाट चुकते केले होते, त्याची बिलं काढली. मिटलेल्या व्यवहाराची बिलं आपण फेकतो, पण तांडेल त्याच्याच वतीने माल नेत होता हे दाखवायला तीच कामी येतात.

मग तारखा. उधारीची मुदत ठरली नसेल तर माल दिल्या दिवसापासून ३ वर्षं धरतात, आणि प्रत्येक खेपेची ३ वर्षं वेगळी. शेवटच्या खेपेपासून सगळ्याची मिळून मोजायची असतात, असं मी धरून चालले होते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२१ चा माल ६३,६०० चा होता. २०२२ मध्ये नाखव्याने ४०,००० रोख दिले, ते त्यात वळते केले. उरलेले २३,६०० मुदतीबाहेर गेले. ते ४०,००० देताना त्याने वहीत एक ओळ लिहून सही केली असती, तर तेव्हा मुदतीत असलेल्या बाकीला त्या दिवसापासून नवी ३ वर्षं मिळाली असती. मी माझ्याच हाताने 'रोख जमा' लिहून मोकळी झाले होते. तुमच्याकडे अजून मुदत असेल तर आधी बाकी मान्य असल्याची तारखेनिशी सही घ्या, बाकीची कामं मागाहून.

कागदांचं म्हणाल तर आपल्याकडे खारी हवा. स्टेपलरची पिन एका पावसाळ्यात गंजते आणि नेमका सहीचा कोपरा खाते. पिना काढा, दोऱ्याने बांधा. मशीनवरच्या गुळगुळीत पावत्या पांढऱ्या पडायच्या आत त्यांच्या झेरॉक्स काढा. आणि पुसट झालेलं गिरवू नका! माझ्या पुतण्याने मदत म्हणून दोन चलनांवरचे आकडे निळ्या पेनाने ठळक केले. वकिलांनी ती दोन्ही बाजूला काढली. मूळ कागदावर खूणसुद्धा करायची नाही, नंबर टाकायचे ते झेरॉक्सवर.

फोन जपा. नाखव्याचा आवाजी मेसेज होता, "वहिनी, दोन लाखाचं माहितीये मला, पळून नाही जात." तो शब्द न् शब्द कागदावर उतरवला, तारीख-वेळेसह. पण नुसता उतारा किंवा स्क्रीनशॉट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तोवर फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर आजच बंद करा.

चेक परत आला असेल तर त्याचं घड्याळ वेगळं आणि फार घाईचं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग पैसे द्यायला त्याला १५ दिवस. बँकेचा मेमो आला की त्याच दिवशी वकील गाठा.

माझी उधारीची नोटीस स्पीड पोस्टाने गेली. तिची नक्कल, पोस्टाची पावती आणि पोच एकत्र बांधलीय. दाव्यासोबतच कागद द्यायचे असल्याने तीन संच केले: कोर्टाला, त्याला, आपल्याला.

राहिला साक्षीदार. तो तांडेल आता दुसऱ्या बोटीवर आहे. येतो म्हणालाय, पण मासेमारी बंदीत, म्हणजे १ जून ते ३१ जुलैच्या मधली तारीख मिळाली तरच.