आयबीसी टाकीच्या कॉकला नळी जोडताना

हजार लिटरच्या जाळीवाल्या आयबीसी टाकीच्या कॉकवर साधं दोन इंची पीव्हीसी सॉकेट चढवलं की ते एका फेऱ्यातच अडकतं. जोर लावला तर कॉकचे आटे कापले जातात. व्यास दोन्हींचा जवळपास ६० मिमी, म्हणून फसगत होते. फरक आट्यांमधल्या अंतरात असतो: पाइपचं सुमारे २.३ मिमी, टाकीचं बहुधा ६ मिमी.

१. पट्टी लावून दोन आट्यांमधलं अंतर मोजा.
२. ६ मिमी भरलं तर दुकानात ‘एस६० × ६’ अडॅप्टर मागा.
३. आत रबरी वॉशर बसवा आणि हातानेच आवळा. गळती वॉशरच थांबवतो, टेफ्लॉन टेप इथे वाया जाते.

मोटार लावून टाकी उपसणार असाल तर वरचं झाकण आधी सैल करा, नाहीतर प्लास्टिक आत ओढलं जाऊन टाकी चेपते.