क्रॉन जॉब: हाताने चालतो, रात्री का चालत नाही?

रोजचा बॅकअप, जुन्या फायलींची सफाई, ठरलेल्या वेळी जाणारे मेल अशी कामं लिनक्स सर्व्हरवर क्रॉनकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, सोपवायची. तुमची स्क्रिप्ट तयार आहे आणि हाताने नीट चालते, असं धरून पुढे जातो.

'क्रॉनटॅब -ई' ने या कामांची यादी (क्रॉनटॅब) उघडते. कीबोर्डवर ई च्या शेजारीच आर आहे, आणि 'क्रॉनटॅब -आर' बहुतेक ठिकाणी एक शब्दही न विचारता सगळी यादी पुसून टाकतं. म्हणून आधी 'क्रॉनटॅब -एल' ने तिची प्रत काढून ठेवा.

ओळीत पाच खाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पुढे कमांड. '३० २ * * *' म्हणजे रोज रात्री अडीच वाजता (* म्हणजे 'कुठलाही'; फाइलमध्ये आकडे अर्थातच इंग्रजी). तारीख आणि वार दोन्ही भरलेत, तर दोन्हींपैकी एक जुळलं तरी काम सुरू होतं. अडीच म्हणजे सर्व्हरच्या घड्याळातले अडीच, आणि ते घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असतं.

इथवर कुणीही पोचतं. खरी मेख पुढे आहे. हाताने चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून गप्प बसते, आणि लोक सांगतात, 'परवानगी ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) करून बघ.' कृपा करून बघू नका. दोष बहुधा परवानगीचा नसतोच, आणि फाइल मात्र सगळ्या जगाला लिहायला खुली होते.

क्रॉन तुमचं लॉगिन वापरत नाही, त्यामुळे तुमच्या बॅश प्रोफाइलमधलं (लॉगिन करताना लागू होणाऱ्या सेटिंगांमधलं) त्याला काही दिसत नाही. डेबियन या लिनक्समध्ये त्याचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, एवढाच: /यूएसआर/बिन आणि /बिन. माझा डेटाबेसची प्रत काढणारा प्रोग्रॅम होता /यूएसआर/लोकल/बिनमध्ये. तीन आठवडे रोज रात्री नव्या तारखेची बॅकअप फाइल बनत होती आणि मी नावं पाहून खूश होतो. गरज पडली तेव्हा आकार पाहिला: शून्य बाइट. '>' हे कमांडचं उत्तर फाइलमध्ये ओतणारं चिन्ह रिकामी फाइल आधी बनवतं, कमांड सापडो न सापडो!

तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रॅमचा आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहितो, स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सीडी करून योग्य फोल्डरमध्ये जातो. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथ लिहिता येतो, पण तिथे '$पाथ' उलगडत नाही, सगळं हाताने लिहायचं. ओळीच्या शेवटी लॉग फाइलकडे '>>' आणि मग '2>&1' हवंच, म्हणजे उत्तर आणि चुकांचे संदेश दोन्ही लॉगमध्ये जमा होतात. ते सगळं /डेव्ह/नलकडे, म्हणजे थेट कचऱ्यात, वळवायचा सल्ला कुठे दिसला, तर तो देणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. चूकच फेकून दिलीत तर शोधणार काय?

'%' पण लक्षात ठेवा. क्रॉनटॅबमध्ये ते नवी ओळ समजलं जातं, म्हणून फाइलच्या नावात तारीख घालताना कमांड मध्येच तुटते. आधी बॅकस्लॅश द्या, किंवा तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत ढकला. मी ढकलतो.

दर पाच मिनिटांनी चालणारं काम सहा मिनिटं घेत असेल तर कमांडच्या आधी 'एफलॉक -एन' आणि एका लॉक फाइलचा पत्ता लावा, म्हणजे पहिलं संपेपर्यंत दुसरं सुरू होत नाही.

आता वेळ दोन मिनिटांनी पुढची टाका, लॉग उघडून बसा, फाइलचा आकार बघा, आणि मगच अडीच वाजताची वेळ परत भरा.