जुनं घर दुरुस्तीला काढताय? सिमेंटला आधी दाराबाहेर ठेवा

घर दुरुस्तीला काढलं की घरातले सगळे आधी रंगाचं बोलायला लागतात. रंग शेवटी. आधी घराचं वय काढा, कारण कुठलं सामान वापरायचं ते वयावर ठरतं.

गिरगावातलं आमचं घर दुमजली, लाकडी सांगाड्याचं. प्रॉपर्टी कार्डावर मालकी कळली, बांधकामाचं साल नाही. मग खुणा शोधल्या. कौल उलटून शिक्का बघा. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, तेव्हा मंगळूरी कौलं त्याआधीची असूच शकत नाहीत. घर मात्र जुनं असू शकतं, कारण नळीची कौलं उतरवून ही चढवलेली घरं पुष्कळ. गॅलरीखालचा गर्डर खरवडला तर ‘डॉर्मन लाँग’ अशी अक्षरं निघाली. ही विलायतेतली कंपनी १८७५ ची, म्हणजे निदान गॅलरी तरी त्यानंतरची. आणि सिमेंट? आपल्याकडच्या सुरुवातीच्या सिमेंट कारखान्यांपैकी पोरबंदरचा कारखाना १९१४ चा. शंभरी ओलांडलेल्या घराच्या भिंतीवर करडा, टणक थर दिसला तर तो बहुतेक कुणाच्या तरी ‘पक्क्या’ दुरुस्तीचा.

तो थरच भिंत खातो. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि बाहेर टाकते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, क्षार वर येतात आणि मागची वीट भुसभुशीत होते. आमच्या जिन्याखाली गिलावा काढला तेव्हा वीट बोटाने खरवडता येत होती.

पण गिलाव्याला हात लावण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. मोठा पाऊस लागला की छत्री घेऊन बाहेर उभे राहा आणि पन्हळ कुठे गळते, पागोळ्या कुठे पडतात ते बघा. जोतंही तपासा. पेव्हर ब्लॉकवर पेव्हर ब्लॉक चढून गल्ली उंच होते, जोतं बुडतं आणि पाणी आपल्याच भिंतीत जिरतं. तिथे उतार आणि गटार नीट केल्याशिवाय बाकीचा खर्च वाया.

लाकूड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर टोचा. तुळई बहुधा भिंतीत गेलेल्या टोकालाच कुजते, मधे नाही. अख्खी बदलायला सांगणारा मिस्त्री बदला. खाली टेकू देऊन कुजलेलं टोक कापायचं आणि जुनं सागवान सांधून बोल्ट मारायचे. मात्र किती कापायचं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या. घर हेरिटेज यादीत असेल तर परवानगीचं काम आर्किटेक्टकडे द्या आणि ते आधीच सुरू करा.

आता सिमेंटच्या जागी लावायचा चुना. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे आणि मुलं लांब. मुरलेला चुना पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे राहू द्या, जास्त राहिला तर उत्तमच. एक भाग चुना, अडीच-तीन भाग चाळलेली वाळू. ओलीच्या जागी वाळूतला काही भाग कमी करून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घाला, तिच्यामुळे चुना दमट जागीही धरतो. जुने गवंडी गूळ, बेलफळाचं पाणीही घालतात. आमच्या गवंड्याने मेथीचं पाणी घातलं आणि आठवडाभर घराला लाडवांचा वास होता.

भिंत आधी भिजवा. थर अर्ध्या इंचाहून जाड नको आणि पहिला घट्ट झाल्याशिवाय दुसरा चढवू नका. ओलं गोणपाट लावून आठवडाभर दमट ठेवा. काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यातल्या उन्हात गिलावा भराभर सुकतो आणि तडकतो, पावसात तो धरतच नाही.

रंगाला प्लास्टिक इमल्शन नको, नाहीतर सिमेंट काढून मिळवलं ते गेलंच. चुन्यात पिवडी किंवा गेरू घालून तीन पातळ हात द्या. अंगाला थोडा रंग लागतो, तेव्हा काळे कपडे घालून आलेल्या पाहुण्यांना खुर्ची भिंतीपासून लांब द्या.